तारेवरील स्वरस्थाने

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या वस्तीला लागून मिरजकर तिकटी या नावाचे एक ठिकाण आहे. तीन वाटा जेथे मिळतात ती तिकटी. तेथून खासबागेकडे वळले म्हणजे कुस्तीचे मैदान लागते आणि त्याच्या शेजारीच शाहू छत्रपतींनी बांधविलेले नाट्यगृह दिसते. १९१५ साली ते खुले झाले तेव्हा त्यास पॅलेस थिएटर म्हणत. पुढे कोल्हापूरचेच नटश्रेष्ठ केशवराव भोसले यांचे नाव त्यास देण्यात आले. मल्लांचा आखाडा आणि गवयांचा रंगमंच एकमेकांस खेटून असावेत यात कोल्हापूरकरांस काही विशेष वाटत नाही. परगावच्या माणसास मात्र वाटते.

या पेठेत एखाद्या घरी मुलगा किंवा मुलगी प्रथमच तंतुवाद्य हाती घेते, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, षड्ज कोठे आहे? गाणे शिकणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही. गळ्यात स्वरांची घरे आखलेली नसतात. तंबोऱ्याशी आवाज मिळाला की षड्ज सापडला. वाजविणाऱ्यास मात्र लाकडाची एक लांब दांडी, तिच्यावर आडव्या बांधलेल्या धातूच्या सुंदऱ्या, म्हणजेच पडदे, आणि वरून गेलेल्या तारा एवढेच दिसते. हातात सतार असो की गिटार, आरंभीची अडचण एकच असते. स्वर कानाला ठाऊक असतो, बोटाला ठाऊक नसतो. तारेवर स्वराची जागा कोठे आणि ती कोणी ठरवावयाची, या एका प्रश्नापायी भारतीय संगीतात दोन हजार वर्षे विचार झाला आहे, आणि त्यातील एक मोठा वाद कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या गावांतच खेळला गेला आहे.

प्रथम दोन वाद्यांतील भेद पाहू. सतारीवर बहुतेक सर्व गत एकाच तारेवर चालते. तिला बाजाची तार म्हणतात आणि ती मंद्र सप्तकातील मध्यमात मिळविलेली असते. तेव्हा तार मोकळी छेडली तर मध्यम बोलतो. मेरूपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकापासून, तारेचा एकतृतीयांश भाग सोडून जो पडदा येतो त्यावर षड्ज असतो. बरोबर अर्ध्यावर पुन्हा मध्यम येतो, पण वरच्या सप्तकातला. याप्रमाणे विद्यार्थ्याला एका सरळ रस्त्यावर वरखाली जावयाचे असते. वाटेत घर चुकले तर ते शेजारीच सापडते.

गिटारीचे तसे नाही. तिला सहा तारा असतात आणि प्रत्येक तारेवर सर्व पडद्यांचा हक्क चालतो. एका तारेचा पाचवा पडदा दाबला म्हणजे पुढच्या मोकळ्या तारेचा स्वर बोलतो. अपवाद फक्त एका जोडीचा, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारांचा, तेथे चौथा पडदा दाबावा लागतो. परिणाम असा की, तोच स्वर, त्याच उंचीचा, तीन-चार ठिकाणी सापडतो. सतारीवर स्वराला एक घर असते. गिटारीवर एकाच स्वराची गावात तीन-चार घरे असतात आणि आज तो कोणत्या घरी भेटणार हे वाजविणाऱ्याने पुढच्या मागच्या स्वरांकडे पाहून ठरवावयाचे असते. म्हणून गिटार शिकणारे प्रथम मोकळ्या तारांची नावे पाठ करतात, मग बाराव्या पडद्यावर तीच नावे पुन्हा येतात हे ध्यानात घेतात, आणि तिसरा, पाचवा, सातवा, नववा या पडद्यांपाशी दांडीवर जे ठिपके बसविलेले असतात त्यांच्या आधाराने मधली जागा भरून काढतात. सतारीच्या दांडीवर ठिपके नसतात. तेथे पडद्यांमधले कमीजास्त अंतर हीच खूण. कोठे दोन पडदे जवळ येतात, कोठे दूर जातात, यावरून सरावलेला हात अंधारातही घर ओळखतो.

एका पडद्याखाली अनेक तारा आणि प्रत्येकीचा स्वर निराळा, हे कोडे पाश्चात्त्य वाद्याबरोबर आपल्याकडे आले अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. विजयनगरच्या रामामात्याने १५५० साली ‘स्वरमेलकलानिधि’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने वीणेच्या चार तारा षड्ज, पंचम, षड्ज, मध्यम अशा मिळवून सहा पडदे कोठे बसवावेत याचा विचार केला आहे. पडदा एक, पण षड्जाच्या तारेवर तो एक स्वर देतो, पंचमाच्या तारेवर दुसरा, मध्यमाच्या तारेवर तिसरा. हे सर्व स्वर एकाच पडद्यावर सुरेल यावयाचे तर पडद्याची जागा मनाला येईल तेथे ठरविता येत नाही. एका तारेचे समाधान करावे तर दुसरी कुरकुरते. रामामात्यास भेडसावणारी हीच अडचण गिटार बनविणाऱ्या स्पेन आणि इटलीतील कारागिरांसही त्याच शतकात भेडसावीत होती, आणि दोघांनी शोधलेली वाट पुष्कळ अंशी सारखी होती. यात कोणी कोणाचे घेतले असे नव्हे. तार आणि पडदा यांचे गणित सगळीकडे एकच आहे.

रामामात्यापूर्वीची स्थिती मात्र निराळी होती. भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या वीणांचा प्रयोग सांगितला आहे, त्यांवर पडदे नव्हते. प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार होती. भरताने सारख्या मिळविलेल्या दोन वीणा घ्यावयास सांगितल्या. एक ध्रुव, म्हणजे अचल, दुसरी चल. चल वीणेचे स्वर थोडथोडे उतरवीत जावयाचे आणि ते ध्रुव वीणेच्या खालच्या स्वरांत केव्हा मिसळतात ते कानाने पारखावयाचे. दुसऱ्या उतरणीस गांधार आणि निषाद हे ऋषभ आणि धैवत यांच्या जागी येतात, तिसरीस ऋषभ आणि धैवत हे षड्ज व पंचम यांच्या जागी येतात, आणि चौथ्या उतरणीस षड्ज, मध्यम, पंचम आपल्या खालच्या शेजाऱ्यांत विलीन होतात. या खटाटोपातून बावीस श्रुती सिद्ध होतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या साऱ्या प्रयोगात माप नाही, अंगुळे नाहीत, पट्टी नाही. न्यायाधीश एकच, तो म्हणजे कान.

मोजपट्टी पुढे आली ती सतराव्या शतकात. अहोबल पंडिताने ‘संगीतपारिजात’ या ग्रंथात स्वरांची स्थाने तारेच्या लांबीवरून सांगितली. त्याचे विवेचन समजण्यासाठी ३६ इंच लांबीची तार घेण्याचा प्रघात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या ग्रंथांनी रूढ केला, आणि तो फार सोयीचा आहे. मोकळी तार षड्ज. अर्ध्यावर, म्हणजे १८ इंचांवर, तार षड्ज. या दोन षड्जांच्या नेमक्या मध्यावर, २७ इंचांवर, मध्यम. तारेचा एकतृतीयांश सोडून २४ इंच उरले की पंचम. षड्ज आणि पंचम यांच्या मध्यावर, ३० इंचांवर, अहोबलाचा शुद्ध गांधार. हा आजचा कोमल गांधार होय, कारण त्या काळचा शुद्ध मेळ आजच्या काफी थाटासारखा होता. षड्ज-पंचमांमधील अंतराचे तीन भाग करून पहिल्या भागाच्या शेवटी, ३२ इंचांवर, ऋषभ. एवढे गणित शाळेतल्या मुलालाही करता येते. सुतळीची घडी घालून मध्य काढता येत असेल, तर तारेवरील स्वर काढता येतील, असे अहोबलाने जणू सांगून ठेवले.

याच शतकात दक्षिणेत तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळी वीणेवर चोवीस पडदे कायमचे मेणात बसविण्याची पद्धत पडली. दोन सप्तके, प्रत्येकात बारा स्वर; मग कोणताही राग असो, पडदा हलवावयास नको. नायकांच्या पाठोपाठ ते राज्य भोसल्यांच्या हाती आले. त्या मराठी राजघराण्यातील तुळजा राजे यांनी संगीतावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तेथील मराठी राजांच्या दरबारात मेणात रोवलेल्या पडद्यांची वीणा वाजत होती आणि इकडे महाराष्ट्रात सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले राहिले, हा भेद क्षुल्लक नाही. मेणातला पडदा एकदा बसला की बसला. दोऱ्यातला पडदा रागागणिक सरकतो.

दोऱ्याच्या या पडद्यांचे आपल्या बाजूचे माहेरघर म्हणजे मिरज. कोल्हापूरहून आगगाडीने सत्तेचाळीस किलोमीटर. ही आगगाडी १८९१ साली सुरू झाली. त्याच्याही पूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मिरजेच्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये करण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. लढाया संपल्या, तलवारी म्यानात गंजू लागल्या, आणि ज्या हातांना पोलादाची पारख होती ते हात तारांकडे वळले. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी पुढे सतारमेकर हेच आडनाव धारण केले, आणि त्यांची वस्ती असलेली गल्ली सतारमेकर गल्ली म्हणून प्रसिद्ध झाली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढे या भागातून येतो. तो वर्षभर वाळवून, कापून, पाण्यात मऊ करून आकारास आणतात. दांडी तुणीच्या लाकडाची. पण सर्व घडण झाल्यावर जे काम उरते तेच सर्वांत नाजूक असते. ते म्हणजे घोडीची जवारी काढणे आणि पडदे बांधणे.

जवारी म्हणजे घोडीच्या रुंद पृष्ठभागाला कानसीने दिलेला अगदी सूक्ष्म उतार. तार त्यावर घासत निघाली म्हणजे तिच्या आवाजाला तो भरीव झणत्कार येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०-२१ च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा या रुंद घोडीमुळेच तारेतून एरवी दबून राहणारे वरचे अंशस्वर कसे उमटतात हे त्यांनी दाखविले. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो याच कारणाने. या स्वयंभू गांधाराची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

पडदे बांधताना कारागीर एका हाताने तार छेडतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडदा केसभर पुढे-मागे करतो. ज्यात सर्व कोमल-तीव्र स्वरांना आपापला पडदा असतो त्यास अचल थाट म्हणतात. चल थाटाच्या सतारीत पडदे कमी असतात, सोळापासून एकोणीसपर्यंत. मग कोमल धैवताचा राग वाजवावयाचा तर धैवताचा पडदा खाली ओढावयाचा. म्हणजे या वाद्यावर स्वरांच्या जागा शिकणे हे काम एकदा करून संपत नाही. यमन वाजवून झाल्यावर दुसरा राग घेतला की घरे पुन्हा लावावी लागतात, आणि ती लावताना विद्यार्थ्याचा कान आपोआप तयार होतो. शिवाय सतारीची तार पडद्यावर आडवी खेचून, मींड घेऊन, एकाच जागेवरून चार-पाच स्वर चढता येते. दरबारी कानड्याचा आंदोलित गांधार नेहमीच्या कोमल गांधाराहूनही उतरता घेतात. त्याला सतारीवर ठरीव पडदा नसतो. वादक शेजारच्या पडद्यावरून त्याला खेचून आणतो. जुन्या शिक्षणपद्धतीत म्हणूनच विद्यार्थ्याकडून पलटे आधी गाऊन घेत आणि मग वाजवून घेत. कान पुढे आणि बोट मागे, अशी ती चाल होती.

कोल्हापुरात या चालीला मोठे पाठबळ मिळाले ते गायनाचे. १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबाने शहरात ऐकणाऱ्यांचा एक जाणता वर्ग निर्माण केला. १८९५ च्या सुमारास शाहू छत्रपतींनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून आणले, आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, खाँसाहेबांचे वास्तव्य मुख्यतः कोल्हापुरात राहिले. ज्या शहरात अशा गवयाचा स्वर नित्य कानी पडतो तेथे स्वराची जागा कोठे आहे हे पट्टीने मोजण्याची गरज कोणास वाटावी?

तरी ती गरज निर्माण झाली, आणि तिला कारण झाली ती बाजाची पेटी. हातपेटी कलकत्त्यास १८७५ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि थोड्याच वर्षांत मराठी रंगभूमीने तिला आपलेसे केले. सारंगी मिळविण्यास वेळ लागतो, पेटी नेहमी तयार. सारंगिया शोधावा लागतो, पेटीवाला चार महिन्यांत उभा राहतो. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे यांनी तर या वाद्याला मैफलीत स्वतंत्र मान मिळवून दिला. त्यांच्या पेटीवादनाची थोरवी सर्वमान्य आहे. पण पेटीच्या पट्ट्या युरोपातल्या समान विभागाच्या सप्तकाप्रमाणे लावलेल्या असतात, ही अडचण थोर हातांनीही दूर होण्यासारखी नव्हती.

समान विभाग म्हणजे काय, हे त्याच ३६ इंची तारेवर पाहता येते. षड्जापासून तार षड्जापर्यंत बारा सारखे टप्पे पाडले, तर पंचम २४ इंचांऐवजी २४.०३ इंचांवर येतो. हा फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही. मध्यमाचेही तसेच. परंतु आजचा शुद्ध गांधार, जो तंबोऱ्यातून आपोआप बोलतो, तो २८.८ इंचांवर असतो. समान विभागात तो २८.५७ इंचांवर पडतो. अंतर पाव इंचाहूनही कमी. पण भर मैफलीत तंबोरा एक गांधार सांगतो आणि पेटी दुसरा सांगते, तेव्हा हा पाव इंच जाणत्या श्रोत्याच्या कानात कुसळासारखा सलतो. गिटारीचे पडदेही याच समान विभागाने बसविलेले असतात. इटलीत व्हिन्चेंझो गॅलिली याने, म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओच्या वडिलांनी, १५८१ साली त्यासाठी सोपा नियम दिला: तारेचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बसवावा, उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून दुसरा, आणि असेच पुढे. गिटारीसारख्या अनेक तारांच्या वाद्याला हे सोयीचे ठरले, कारण कोणतीही तार घ्या, कोणताही स्वर षड्ज माना, पडदे कोणावरही अन्याय करीत नाहीत. अन्याय होतोच, पण तो सर्वांवर सारखा वाटून दिलेला असतो.

हा वाटून दिलेला बेसूरपणा आपल्या संगीताने स्वीकारावा काय, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हाती घेतला. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू; व्यवसायाने सरकारी अधिकारी, छंदाने श्रुतिशास्त्रज्ञ. गवई गातात तो स्वर नेमका कोणत्या जागी असतो, हे त्यांनी तारेच्या लांबीवरून मोजावयाचे ठरविले. गळ्याचे साहाय्य त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांकडून मिळाले. खाँसाहेबांचे पुढील आयुष्य मिरजेस गेले. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करीत आणि तंबोरा मिळविण्यातील त्यांची चिकाटी प्रसिद्धच होती. इतका सुरेल गळा आणि इतका चिकित्सक अधिकारी एकत्र येण्याचे योग वारंवार घडत नाहीत. १९१० साली देवलांनी बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरून इतर स्वरांचे आकडे दिले आहेत: गांधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६०. पेटीचा गांधार याच हिशेबाने ३०२ हून किंचित वर जातो.

साताऱ्यास न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स या इंग्रज गृहस्थांना हा विषय मनापासून आवडला. त्यांनी १९१३ साली भारतीय संगीतावर ग्रंथ लिहिला आणि देवलांच्या आकड्यांप्रमाणे स्वर देणारी श्रुतींची पेटी तयार करविली. सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या वाद्यामुळे स्वर बिघडले असे म्हणावयाचे, तेच वाद्य दुरुस्त करून द्यावयाचे, यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. पण मार्च १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे ही पेटी मांडली गेली आणि वादाला तोंड फुटले. भातखंडे यांना हे आकडे मान्य नव्हते. प्राचीन ग्रंथांतील श्रुतींचा आजच्या गायनाशी असा थेट मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष व्यवहाराला त्यांनी बारा स्वरांची चौकट पुरेशी मानली आणि तिच्यावरच आपली थाटपद्धती उभारली.

या वादात जय कोणाचा झाला असे विचारले, तर उत्तर देणे कठीण आहे. श्रुतींच्या पेट्या मैफलीत रुळल्या नाहीत. पट्ट्या वाढल्या म्हणजे वाजविणाऱ्याची बोटे गोंधळतात, आणि गवई एकच स्वर एका रागात दोनदा सारख्याच जागी लावीलच असेही नाही. देवलांनी मोजला तो स्वर खरा होता. पण तो एका गळ्यातला, एका क्षणीचा खरा होता. उलट बारा स्वरांची चौकट शिकविण्यास सोपी ठरली आणि शाळांतून सर्वत्र गेली. तिच्याबरोबर पेटीही गेली, आणि एका पिढीचा कान पेटीवर तयार झाला. भातखंडे यांना हे दुसरे फळ अपेक्षित होते असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांची चौकट नावांची होती. लोकांनी ती जागांची मानली.

वाद येथे थांबला नाही. तो नभोवाणीवर गेला. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. त्यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांचाही या वाद्यास विरोध होता. अखेर १ मार्च १९४० पासून अखिल भारतीय नभोवाणीने पेटी आपल्या केंद्रांतून बंद केली. गोविंदराव टेंबे त्या वेळी हयात होते. ज्या वाद्यावर त्यांनी हयात वेचली ते देशाच्या ध्वनिक्षेपकापुढे अस्पृश्य ठरले. शास्त्राच्या दृष्टीने या बंदीचे समर्थन करता येईल, पण तिच्यात एक अन्याय होता तो नाकारता येत नाही. पेटीचा दोष तिच्या पट्ट्यांत होता, पेटीवाल्याच्या कानात नव्हता. टेंब्यांसारखा वादक न बोलणाऱ्या स्वरांभोवती फिरून, कण देऊन, नको त्या पट्टीवर क्षणभरही न रेंगाळता गायकाची सावली होऊन जात असे. ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली आणि १९७१ पासून ती सैल होत गेली.

गिटारीवर मात्र अशी बंदी कोणी घातली नाही, हे जरा नवलाचे आहे. कारण तिच्या पडद्यांचा दोष पेटीचाच होता. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले, आणि गिटारही त्या वाद्यवृंदांतून घरोघर ऐकू येऊ लागली. हिंदी चित्रपटसंगीतात जी हवाईयन गिटार लोकप्रिय झाली, तिची गोष्ट तर अधिकच निराळी. ती मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडी तारांवरून घसरवीत वाजवितात. पडदे दांडीवर असतात, पण तार त्यांना टेकतच नाही. ते केवळ डोळ्यांच्या खुणेपुरते उरतात. वादकाला कांडी पडद्याच्या रेषेवर थांबवावयाची की किंचित अलीकडे, हे कानाला विचारावे लागते. म्हणून ब्रिजभूषण काबरा यांच्यासारख्यांना याच वाद्यावर मींडयुक्त रागसंगीत वाजविता आले. उभ्या गिटारीवर ते साधणे फार कठीण. तेथे तार खेचून थोडे वर जाता येते, खाली उतरता येत नाही.

आज मंगळवार पेठेत गिटार शिकणारी मुले सतार शिकणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक असावीत, यात आश्चर्य नाही. वाद्य स्वस्त मिळते, पडदे कायमचे बसविलेले, मिळविण्यासाठी यंत्र. सहा तारांवरील सर्व स्वरांची नावे मेहनती मुलगा काही आठवड्यांत पाठ करतो. अशा मुलाला गांधाराची जागा विचारली तर तो तत्काळ पडदा दाखवितो, आणि ते उत्तर गिटारीपुरते बरोबरच असते. त्याच मुलाला तंबोऱ्यापुढे बसवून तोच गांधार गाण्यास सांगितला, तर गळा कधी २८.८ इंचांकडे जातो, कधी २८.५७ कडे, कारण एक जागा त्याने तंबोऱ्यातून ऐकलेली असते आणि दुसरी बोटांनी घोटलेली असते. पूर्वीच्या सतार शिकणाऱ्या मुलाला या दोन जागा निराळ्या आहेत हे कळण्यास वेळ लागत नसे. पडदा त्याच्याच हातचा असे.

मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, खासबागेतील त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. सतारमेकर गल्लीत मागणी तंबोऱ्याला अधिक आणि सतारीला कमी, तरी पडदे अजून दोऱ्यानेच बांधले जातात. पेठेतला एखादा विद्यार्थी नवी सतार घेऊन मिरजेहून गाडीने येतो, तेव्हा वाटेतल्या हिसक्यांनी एखाददुसरा पडदा जागेवरून सरकलेला असतो. घरी आल्यावर तो प्रथम तंबोरा मिळवितो, त्यातून गांधार बोलू लागेपर्यंत थांबतो, आणि मग सतारीच्या त्या पडद्यास अंगठा लावून तो केसभर खाली ओढतो.